सहीच्या मागची सही

पोटापाण्यासाठी मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. अभ्यासक्रमात 'अमेरिकेचं कार्यकारी मंडळ' असा एक भाग असायचा. विद्यार्थ्यांना तो रूक्ष वाटे, माझा मात्र सगळ्यात लाडका. राष्ट्राध्यक्ष, त्याच्या हाताखालची खाती, सेनेटची संमती, व्हेटो, महाभियोग. पोरं गाइडातून पाठ करायची. हा भाग मी एका ग्रामसेवकाकडून शिकलो, असं वर्गात सांगितलं की मागच्या बाकांवर खसखस पिके. अमेरिका सोडाच, त्यांनी मुंबईसुद्धा धड पाहिली नव्हती. आमच्या आरोंद्यात सगळे त्यांना तात्या म्हणत. मीही तात्याच म्हणत असे, पण ते माझे नात्याने कोणी नव्हते. दोन घरांच्या मधे एक कुंपण आणि माडांची रांग, एवढंच आमचं नातं. आज मी जो काही आहे त्यात त्यांचा वाटा केवढा, याचा हिशेब कधी मांडला नाही. तो मांडायला बसलोय.

सावंतवाडी तालुक्यातलं आरोंदा हे महाराष्ट्राच्या अगदी टोकावरचं गाव. किरणपाण्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर तेरेखोलची रुंद खाडी आणि पलीकडे पेडण्याचे माड. आज पुलावरून पाच मिनिटांत गोवा येतो. तात्यांच्या तरुणपणी मात्र पलीकडे परक्यांचं राज्य होतं. त्यांच्या पिढीने एकाच आयुष्यात राज्यकारभाराचे तीन मासले पाहिले, आणि त्यांच्या साऱ्या विचाराचं मूळ तिथे होतं असं मला वाटतं.

पहिला मासला सावंतवाडी संस्थानाचा. गावाने सातेरी-भद्रकालीला गाऱ्हाणं घालावं आणि संस्थानच्या दरबारात अर्ज द्यावा, अशी रीत. बापूसाहेब महाराजांचं राज्य म्हणजे रामराज्य, असं गांधीजी म्हणाले होते, हे आमच्याकडे आजही अभिमानाने सांगतात. तात्याही सांगत. पण पुढे जोडत, "म्हाराज बरे होते, म्हणान बरा चल्ला. वायट असते तर? तेंका नाय म्हणणारो कोण होतो?"

दुसरा मासला खाडीपलीकडचा. लिस्बनमध्ये बसलेला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार आणि पणजीत बसलेला त्याचा गव्हर्नर जनरल. १९५४च्या १५ ऑगस्टला सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकवला, तेव्हा तात्या ऐन तिशीत होते. सत्याग्रहींना भाकरी पोचवणाऱ्यांत आपण होतो, एवढंच ते सांगत. पुढे डिसेंबर १९६१मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं. शेवटचा माणूस पडेपर्यंत लढा, असा सालाझारचा हुकूम असताना गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांनी १९ डिसेंबरला शरणागती पत्करली आणि हजारोंचे प्राण वाचले. बक्षीस म्हणून पोर्तुगालने त्यांना लष्करातून काढून टाकलं. तात्यांना या माणसाबद्दल आदर होता. हुकूम एका माणसाचा, त्याला अडवणारं कोणी नाही, मग खालच्या अधिकाऱ्याला स्वतःची सगळी कारकीर्द पणाला लावावी लागते, असं ते म्हणत.

आणि तिसरा मासला आपल्या ग्रामपंचायतीचा. तात्या नोकरीला लागले ते याच खात्यात.

अमेरिका त्यांच्या आयुष्यात आली तीही गोव्यामुळेच. १८ डिसेंबर १९६१ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी भारतावर कडक टीका केली. भारताविरुद्धचा ठराव अडला तो सोव्हिएत व्हेटोमुळे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नेहरू वॉशिंग्टनला जाऊन केनेडींना भेटून आले होते. पेपरात हे सगळं वाचून तात्या बेचैन झाले. साम्राज्याविरुद्ध लढून उभा राहिलेला देश सालाझारच्या बाजूने कसा? हे ठरवलं कुणी? त्यांनी मुंबईच्या अमेरिकन माहिती कचेरीला पोस्टकार्ड टाकलं. खुलासा काही आला नाही. आलं ते 'स्पॅन' मासिकाचं एक गुळगुळीत पुडकं आणि अमेरिकेच्या राज्यघटनेची छोटी पुस्तिका. रुसून ती पेटीत टाकण्याऐवजी तात्या डिक्शनरी घेऊन बसले.

माझे वडील बोटीवर खलाशी होते. महिन्याला मनिऑर्डर यायची आणि वर्षाकाठी ते स्वतः. मी प्राथमिक शाळेत असतानाच ते गेले. मनिऑर्डर थांबली. आई दुसऱ्यांच्या शेतात लावणी-कापणीला जाऊ लागली. त्या पावसाळ्यात तात्यांनी आईला सांगितलं, "झिलाक सांजचो आमच्या ओट्यार धाड." पाठोपाठ शनिवारी मला सायकलच्या दांडीवर बसवून ते आपल्या कचेरीत नेऊ लागले. तेव्हा त्यांची नेमणूक जवळपासच्याच एका गावात होती. त्या गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे सांगायची गोष्ट तिथली आहे.

कचेरी म्हणजे शाळेच्या बाजूची कौलारू खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, लोखंडी कपाट. कपाटात किर्द, घरपट्टीचा नमुना आठ, पावतीपुस्तकं आणि लाल कापडी पुठ्ठ्याचं ठरावाचं बुक. माझं अक्षर बरं म्हणून मला पावत्या लिहायला मिळत. कार्बन कागद नीट लावायचा, आकडा आधी अक्षरी मग अंकी, खाडाखोड झाली तर पावती रद्द करून तिन्ही प्रती बुकातच ठेवायच्या. "आणि नाव पैसे देणाऱ्याचाच लिवायचा," तात्या बजावत. "मुलग्यान बापाशीची पट्टी भरली तरी मुलग्याचाच. पैसे कोणी दिले ता पावती सांगता. कोणासाठी दिले ता सांगणा पावतीचा काम न्हय." दर पावतीमागे मला एक पैसा मिळे. तो त्यांच्या खिशातून जातो हे मला फार उशिरा कळलं.

एका शनिवारी सरपंच आले. सोबत एक कंत्राटदार. विहिरीच्या दुरुस्तीचं बिल तयार होतं, चेक लिहून हवा होता. ग्रामपंचायतीच्या पैशाला दोन सह्या लागत, एक सरपंचाची आणि दुसरी ग्रामसेवकाची. सरपंचांनी आपली सही आधीच ठोकली होती. तात्यांनी बिल वाचलं, उलटून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "ठराव खंय आसा?"

"ठराव मागसून होतलो," सरपंच म्हणाले. "मी सांगतंय मां? मी सरपंच आसंय!"

"आसात. म्हणानच इचारतंय."

आवाज चढले. कंत्राटदाराने चहा मागवला, तो कपातच निवला. तात्यांनी ठरावाचं लाल बुक उघडून सरपंचांपुढे ठेवलं. शेवटच्या सभेच्या वृत्तान्तात विहिरीचा उल्लेखही नव्हता. सही झाली नाही. ते निघून गेल्यावर तात्या माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "झिला, सही बघू नको. सहीच्या मागे कोणाची सही आसा, ती बघ."

काही महिन्यांत त्यांची बदली झाली, पार डोंगराकडच्या एका गावात. कारण लेखी काही नव्हतं. पहाटे कंदील घेऊन ते निघत आणि रात्री चिखलाने माखलेली सायकल ढकलत परत येत. याबद्दल कुरकुर केलेली मी ऐकली नाही. माझी शनिवारची कमाई तेवढी बुडाली. तिची भरपाई म्हणून ते मला रोज रात्री इंग्रजी शिकवू लागले, त्या अमेरिकन पुस्तिकेतून.

१९६५-६६ची ती वर्षं. पाऊस दगा देऊन गेला होता. रेशनवर लालसर अमेरिकन गहू आणि मिलो ज्वारी यायची. भाताच्या पेजेवर वाढलेला आमचा मुलूख, आई तो गहू सुपात घेऊन विचारी, "ह्या गव्हाचा मी करू काय?" एका रात्री तात्यांनी त्या सुपाकडे बोट दाखवलं. हा गहू इथे यायला वॉशिंग्टनला एका माणसाने हो म्हणावं लागतं, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा मला ती थाप वाटली.

थाप नव्हती. आयझेनहॉवरनी १९५४मध्ये सही केलेल्या पब्लिक लॉ ४८० या कायद्याखाली ते धान्य येत होतं. १९६५मध्ये आधीच्या कराराची मुदत संपल्यावर अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी लांब पल्ल्याचा नवा करार करायचं नाकारलं आणि महिना-दोन महिन्यांपुरतं धान्य सोडायला सुरुवात केली. जहाजं सोडायची की नाही याचा निर्णय ते स्वतः घेत. भारताने शेतीचं धोरण बदलावं आणि व्हिएतनामवरून अमेरिकेला बोल लावणं थांबवावं, असा त्यामागे दाब होता. दिल्लीतले त्यांचेच राजदूत चेस्टर बोल्स यांना ही ओढाताण पसंत नव्हती. मार्च १९६६मध्ये इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या त्या याच पार्श्वभूमीवर. त्या वर्षी आपण एक कोटी टनांहून जास्त धान्य बाहेरून आणलं. आमच्या सुपातला पसाभर गहू त्यातलाच.

"मग तो राजाच झालो मां?" मी विचारलं. तात्यांनी पुस्तिका पुढे ओढली. राजा नाही, हे त्यांना पहिल्यांदा पटवायचं होतं. मग त्यांनी कागदावर रेघ मारून दोन बाजू केल्या. एका बाजूला 'तो काय करू शकता', दुसऱ्या बाजूला 'तेका नाय म्हणणारो कोण'. त्या रात्रीचा तो तक्ता पुढे मी फळ्यावर उतरवत राहिलो.

घटनेचं दुसरं कलम एका वाक्यात सगळी कार्यकारी सत्ता एका माणसाच्या हाती देतं. १७८७मध्ये फिलाडेल्फियाला घटना लिहिताना एडमंड रँडॉल्फ म्हणत होते, एक नको, तिघे नेमा, एकात राजेशाहीचं बीज आहे. बहुमत एकाच्या बाजूने पडलं, कारण जबाबदार कोण हे तिघांत शोधावं लागतं, एकात नाही. मग त्या एकाला बांधायला बसले. अध्यक्ष सेनापती आहे, पण युद्ध पुकारायचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा. तह तो करतो, पण सेनेटचे, म्हणजे वरिष्ठ सभागृहाचे, दोन-तृतीयांश सदस्य हवेत. खात्यांचे प्रमुख, राजदूत, न्यायाधीश तो नेमतो, पण सेनेटने संमती द्यायला हवी. विधेयक तो व्हेटोने परत पाठवू शकतो, पण दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांशांनी पुन्हा मंजूर केलं की त्याच्या नकाराला किंमत उरत नाही. आणि तिजोरी? काँग्रेसने मंजूर केल्याशिवाय एक डॉलरही बाहेर पडत नाही. जॉर्ज वॉशिंग्टनच्या वेळी तीन-चार खात्यांवर भागलेला हा कारभार आज पंधरा खात्यांचा आहे, पण ही बांधणी तीच.

एका गोष्टीवर तात्या पुन्हा पुन्हा येत. आपल्याकडे मंत्री आमदार किंवा खासदार असावाच लागतो, नसला तर सहा महिन्यांत निवडून यावं लागतं. तिकडे उलटं. काँग्रेसच्या सदस्याला खातं घ्यायचं तर आधी सदस्यत्व सोडावं लागतं. आपला मंत्री रोज सभागृहात उभा राहून प्रश्नांना तोंड देतो. तिकडचा खातेप्रमुख समितीने बोलावलं की जातो, साक्ष देतो आणि परत येतो.

या फरकाचा नेमका अर्थ मला पुढे सापडला तो डॉ. आंबेडकरांच्या भाषणात. ४ नोव्हेंबर १९४८ला घटनेचा मसुदा मांडताना, कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या आणि अमेरिका आतून पाहिलेल्या या माणसाने दोन्ही पद्धती शेजारी ठेवल्या. अमेरिकी कार्यकारी मंडळात स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त. संसदीय पद्धतीत सरकारची परीक्षा रोज होते, प्रश्नांतून, ठरावांतून, अविश्वासातून, आणि पाच वर्षांनी मतदारही घेतात. दोन्ही पुरेपूर एकत्र मिळत नाहीत, म्हणून मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला झुकतं माप दिलं. हे वाचताना मला लाल बुक आठवत असे.

सावंतवाडीला कॉलेज आणि मग मुंबईला एम. ए. दोन्हीची फी तात्यांनी भरली. आईला सांगितलं, "कर्ज समजा." पहिल्या पगारात मी त्यांना मनिऑर्डर केली. ती परत आली. सोबतच्या पत्रात कचेरीच्या मराठीत लिहिलं होतं: 'सदर रक्कम स्वीकारण्यास हरकत असलेने परत करीत आहे. गावच्या वाचनालयास दोन वृत्तपत्रे चालू करून दिलेस तर येणे फिटले असे समजण्यात येईल.' बोलताना अस्सल मालवणी आणि पत्रात 'करण्यात यावे', हा त्यांचा शिरस्ता होता. वाचनालयात वृत्तपत्रं सुरू झाली. ती आजपर्यंत चालू आहेत.

मुंबईत न्यू मरीन लाइन्सच्या अमेरिकन वाचनालयात मी दुपारच्या दुपारी काढत असे. तिथे मला एक खटला सापडला आणि त्याच संध्याकाळी मी तात्यांना पत्र लिहिलं. कोरियाचं युद्ध चालू असताना पोलाद कामगार संपावर जाणार होते. एप्रिल १९५२मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी एका हुकमाने देशातल्या पोलाद गिरण्या सरकारच्या ताब्यात घेतल्या. युद्ध आहे, मी सेनापती आहे, हे त्यांचं म्हणणं. गिरणीमालक कोर्टात गेले. २ जून १९५२ला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो हुकूम रद्द केला आणि ट्रुमननी गिरण्या परत केल्या. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी वेगळं निकालपत्र लिहिलं. अध्यक्ष काँग्रेसच्या संमतीने वागतो तेव्हा त्याची सत्ता सर्वांत मोठी, काँग्रेस गप्प असते तेव्हा संदिग्ध, आणि काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध वागतो तेव्हा सर्वांत क्षीण.

तात्यांचं पोस्टकार्ड आलं: 'जॅक्सनसाहेबांचे म्हणणे रास्त आहे. ठराव असताना, ठराव नसताना व ठरावाविरुद्ध, असे तीन प्रकार आमचेकडेही आढळतात. कळावे.' जॉन्सनचा गहू पहिल्या प्रकारात बसतो, कारण त्यांना तो अधिकार काँग्रेसच्याच कायद्याने दिला होता, हेही त्यांनी आपणहून लिहिलं. सुपातल्या गव्हाचं कोडं असं एका पोस्टकार्डाच्या कडेला सुटलं.

१९७४चा ऑगस्ट मी गावी होतो. तात्यांचा ट्रान्झिस्टर ओट्यावर लावलेला असायचा, आणि वॉटरगेट हा शब्द त्यांच्यामुळे आमच्या वाडीत सर्वांच्या तोंडी होता. संभाषणांच्या टेप कोर्टाला द्यायला अध्यक्ष निक्सन तयार नव्हते. २४ जुलैला न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी सांगितलं, द्याव्या लागतील. ९ ऑगस्टला त्यांनी राजीनामा दिला. तात्या खूश होते, पण महिनाभरच. ८ सप्टेंबरला नवे अध्यक्ष फोर्ड यांनी निक्सनना संपूर्ण माफी दिली. माझ्या पुढच्या पत्राला उत्तर म्हणून एकच ओळ आली: 'या सहीमागे कोणाची सही आहे ते कळवावे.' मी शोधलं. कोणाचीच नव्हती. संघराज्याच्या कायद्यांखालच्या गुन्ह्यांना माफी देण्याचा अधिकार अध्यक्षाचा एकट्याचा, महाभियोगापुरता अपवाद. सेनेट नाही, न्यायालय नाही. जी माणसं इतकी सावध होती त्यांनीही एक दार सताड उघडं ठेवलं होतं. फोर्ड १९७६ची निवडणूक हरले, त्याला ही माफीही कारण झाली. पण ती मागाहून मिळालेली शिक्षा होती. सही होऊन गेली होती.

माफीच्या पुढच्याच वर्षी, १९७५मध्ये, आपल्याकडे आणीबाणी आली. आमच्या राजापूर मतदारसंघाचे खासदार मधू दंडवते बंगळुरात पकडले गेले. तात्या सरकारी नोकर, त्यामुळे त्या काळातल्या त्यांच्या पत्रांत पाऊसपाणी, काजू आणि आईची तब्येत एवढंच असे. गणपतीला गेलो तेव्हा रात्री आरती आटोपल्यावर ते घटनेची प्रत घेऊन बसले. पण खरा राग त्यांना आला तो १९७८मध्ये, आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाची माहिती पेपरात आल्यावर. २५ जून १९७५च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी उद्घोषणेवर सही केली ती पंतप्रधानांच्या पत्रावर. मंत्रिमंडळाला बोलावलं गेलं दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, सही झाल्यानंतर. "ठराव मागसून!" तात्या ओरडले. विहिरीचं बिल त्यांना लख्ख आठवत होतं. त्याच वर्षीच्या ४४व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी अशी उद्घोषणा करू नये, असं बंधन घातलं. ती बातमी आली त्या दिवशी त्यांनी वाडीत खडीसाखर वाटली. कशाबद्दल, ते आई सोडून सगळ्यांनी विचारलं.

आणीबाणीतच राष्ट्राध्यक्षीय पद्धत आणावी असं सुचवणारं एक टिपण दिल्लीत फिरलं होतं. ते बॅरिस्टर अंतुल्यांचं म्हणून सांगितलं जाई. पुढे ऐंशीच्या दशकात वसंत साठे यांनी हा विषय जाहीरपणे लावून धरला आणि त्यावर पुस्तकही लिहिलं. मला तेव्हा त्यात तथ्य वाटत होतं. सारखी कोसळणारी सरकारं, पक्षांतरं, त्यापेक्षा लोकांनी थेट निवडलेला एक जबाबदार माणूस काय वाईट? तात्यांशी माझा एकमेव मोठा वाद झाला तो यावर. पद्धतीला त्यांचा विरोध नव्हता. "पण हे लोक अमेरिकेसून खुर्ची तेवढी हाडतत," ते म्हणाले, "कुंपण थंयच सोडतत." अध्यक्ष हवा तर त्याच्या पक्षाच्या मुठीत नसलेली काँग्रेस हवी, त्याचे नेमलेले लोक नाकारणारं सेनेट हवं, आणि त्याच्याविरुद्ध निकाल गेल्यावर गिरण्या परत करण्याची लाज हवी.

निवृत्त झाल्यावर ते गावातल्या कोणालाही अर्ज, अपील, हरकत लिहून देत. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ला लागू झाली तेव्हा त्यांची नजर अधू झाली होती. मी ती वाचून दाखवली. ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली हे ऐकून ते म्हणाले, आता सहीमागे अख्खं गाव उभं राहू शकेल, उभं राहिलं तर. पुढच्या काही वर्षांत ते गेले.

ते असते तर २०१७नंतरच्या गमतीजमतींवर किती बोलले असते! त्या वर्षी महाराष्ट्राने सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरवलं. २०२०मध्ये नव्या सरकारने ते रद्द केलं, २०२२मध्ये त्यापुढच्या सरकारने पुन्हा आणलं. फिलाडेल्फियाचा वाद आमच्या तालुक्यात आला. सरपंच एका गटाचा आणि बहुमताचे सदस्य दुसऱ्या गटाचे, असं चित्र गावोगाव दिसू लागलं. अशा सरपंचाला पहिली दोन वर्षं अविश्वास ठरावाने हात लावता येत नाही. नंतरही सदस्यांचं तीन-चतुर्थांश बहुमत लागतं आणि त्यावर ग्रामसभेत गुप्त मतदान. म्हणजे स्थैर्य आलं. जबाबदारीचं काय, हा आंबेडकरांचा प्रश्न तिथेच आहे. अमेरिकेत महाभियोगाला कनिष्ठ सभागृहाचं साधं बहुमत पुरतं, पण हटवायला सेनेटचे दोन-तृतीयांश लागतात. १८६८मध्ये अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचले, क्लिंटन वाचले, ट्रम्प दोनदा वाचले. आजवर एकही अध्यक्ष या वाटेने घरी गेलेला नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाचे आरोप मांडणाऱ्यांत बेळगावात वाढलेले, मिशिगनमधून निवडून गेलेले श्री ठाणेदार होते. त्यांचाही प्रयत्न पुढे सरकला नाही.

आता मी आरोंद्यालाच असतो. २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावर पन्नास टक्के आयातशुल्क लावलं. कोळंबी निर्यातीच्या धंद्यात असलेला गावचा एक मुलगा वाचनालयात भेटला आणि हताशपणे म्हणाला, "सर, एक माणूस एका सहीने असं कसं करू शकतो?" मी त्याच्यासमोर पेपर पसरला. आयातशुल्क ठरवणं हे घटनेने काँग्रेसकडे दिलेलं काम. अध्यक्षाने आधार घेतला १९७७च्या आणीबाणीविषयक एका कायद्याचा, आणि त्या कायद्यात आयातशुल्क हा शब्द कुठेही नाही. तिकडचे व्यापारी नेमका हाच मुद्दा घेऊन कोर्टात गेले. मी जॅक्सनचे तीन प्रकार सांगितले. तो ऐकत होता, मग म्हणाला, "म्हणजे ठराव खंय, असाच इचारतत मां ते?" हा प्रश्न त्याच्या तोंडी कुठून आला, मी विचारलं. त्याच्या आजोबांकडून, म्हणाला. आजोबा कंत्राटदार होते, विहिरींची कामं करायचे.

वाचनालयाची वर्गणी मी दर एप्रिलमध्ये भरतो. वृत्तपत्रांबरोबर आता स्पर्धा परीक्षांची पुस्तकंही त्यातून येतात. पावती माझ्या नावाची मिळते. खाली एका ओळीत तात्यांचं नाव घाला, अशी विनंती मी मध्यंतरी केली होती. तिथल्या चुणचुणीत मुलीने नियम दाखवला, पावती पैसे देणाऱ्याच्या नावानेच फाडता येते. तिचं बरोबर आहे. मला हा नियम कार्बन कागद लावता लावताच शिकवला गेला होता. म्हणून पावतीत जे मावलं नाही ते इथे लिहिलं.